उंदीरटेकडीचं आठवं कारण

नामाता, वातुरुआ बेट
सोमवार, २ मे २०११

प्रिय मेहुण्या एरोनी,

तुला, तुझ्या गळक्या होडीला आणि दर ख्रिसमसला कापू कापू म्हणत म्हातारं केलेल्या तुझ्या त्या डुकराला सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आमच्या हिचे, लितियाचे गुडघे पावसाच्या आदल्या दिवशी दुखतात, त्यामुळे सगळी आळी कपडे वाळत घालण्याआधी तिला विचारून जाते. चर्चचं छप्पर अजून गळतंय, आणि गळतं ते नेमकं पाद्रीबुवांच्या डोक्यावर. प्रवचनं आखूड झाली आहेत, म्हणून दुरुस्तीची कोणाला घाई नाही.

तू म्हणशील, चार वर्षांत दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज हा एवढा लांब कागद कसा? काम आहे म्हणूनच लिहितोय. मेहुण्याला काय कोणी प्रेमाने पत्र लिहितं?

तर बातमी अशी, की आपल्या बेटाला स्वतःचा रेडिओ मिळाला. परवाना आला, यंत्र आलं. राजधानीहून, सुव्याहून अविनेश नावाचा इंजिनिअरही आलाय. लाबासाकडचा भारतीय पोरगा, वय तीस, बोलायला मिरचीसारखा आणि खायलाही मिरची मागतो. आमच्याकडे उतरलाय. लितियाने त्याला पहिल्या दिवशी दालोचा उकडलेला कंद वाढला, तर म्हणाला, "मावशी, भाजी उत्तम आहे, पण हिला चव कधी घालणार?" तेव्हापासून लितियाला तो सख्ख्या मुलापेक्षा आवडतो.

बोलायची खोली नामातातच, शाळेच्या मागे. पण आवाज हवेत सोडणारा खांब कुठे उभा करायचा, यावरून इथे लढाई जुंपली आहे. अविनेश आणि सगळी कमिटी म्हणते उलुलेवूवर. बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर, त्याच्यावर खांब म्हणजे शोभा. मी म्हणतो, कोरोनिकालावोवर. हो, तीच आपली उंदीरटेकडी. मी नाव घेतलं आणि कमिटी पाच मिनिटं हसत होती.

माझ्याकडे सात कारणं आहेत. उलुलेवूचं डोकं वर्षातले आठ महिने ढगात असतं, मग सूर्यावर चालणारी आपली पाटी काय ढग खाऊन वीज करणार? बॅटऱ्या चार तास चढून कोण नेणार? अध्यक्ष तर चर्चच्या पायऱ्या चढताना दोनदा बसतात. पावसाळ्यात तिथे वीज पडते, ती कशी, ते जळलेल्या झाडांना विचार. उंदीरटेकडीवर पाऊण तासात पोचता येतं, वाट आहे, ऊन आहे, खांबाला धरून ठेवायला खडक आहे. आणि मुख्य म्हणजे ही एफएमची लहर उन्हासारखी सरळ जाते. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली. जिथून जे दिसतं, तिथवरच ऐकू येतं. उलुलेवू उंच खरा, पण त्याचा पूर्वेकडचा खांदा पुढे आलाय. पलीकडची बाजू त्याला दिसत नाही. उंदीरटेकडी बुटकी असली, तरी ती खिंडीत बसलीय आणि तिला दोन्ही बाजू दिसतात.

असं आपलं माझं म्हणणं. आता ते सिद्ध करायला मला तुझी मदत हवी. येत्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी सकाळी नऊला, आभाळ मोकळं असेल तर, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कोणीतरी आरशाने डोंगराकडे उजेड पाडायचा. आधी मी उलुलेवूवर असेन, अकरा वाजता उंदीरटेकडीवर. दोन्ही वेळा दहा दहा मिनिटं. जिथून चमक दिसेल, तिथून रेडिओ पोचेल. तुमच्याच स्वयंपाकघराचं दार का, असं विचारू नकोस. कुठून तरी मोजायला हवंच ना?

दुसरं काम जड आहे. उंदीरटेकडीचा माथा तुमच्या कुळाचा. कुळाच्या प्रमुखांना, रातू नेमानींना विचारल्याशिवाय तिथे खुंटीही ठोकता येणार नाही. ते माझ्यावर अजून रागावलेले आहेत का, एवढं हळूच काढून कळव. तुला हळूच काही जमत नाही हे ठाऊक आहे, तरी प्रयत्न कर.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा, तुझ्याहून देखणा मेहुणा,
कितिओने


नामाता
सोमवार, २० जून २०११

प्रिय एरोनी,

तुझं पत्र पोचलं. एवढ्याशा कागदावर माझ्याबद्दल अकरा शिव्या बसवल्यास, कौतुक आहे. माझ्या पोटाबद्दल जे लिहिलंस ते लितियाने मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

आरशाचं सांगतो. सकाळी नऊला आम्ही उलुलेवूच्या माथ्यावर होतो. अविनेशला धाप लागलेली, मला तर बोलताही येत नव्हतं. ढग नव्हते, देवाची कृपा. वीस मिनिटं डोळे फाडून पाहिलं, पण तुमच्या बाजूला नुसता हिरवा खांदा. अविनेश म्हणाला, "मेहुण्याने तुमचा पोपट केला काका, तो झोपला असेल." मलाही तसंच वाटलं, तुझा लौकिकच तसा आहे. मग डोंगराच्या धारेवरूनच पळत उतरून उंदीरटेकडी गाठली. अकराला सात मिनिटं कमी होती, आणि चमक आधीच सुरू होती. नारळीच्या शेंड्यांमधून, तुमच्या दाराच्या जागी, लख्ख. अविनेशने शिट्टी वाजवली. दहा मिनिटं ठरली होती, पण ती चमक बारा वाजेपर्यंत चालू होती.

आणि तू लिहितोस की तू त्या वेळी होडीत होतास, आणि आरसा माझ्या बहिणीने, उनाईसीने धरला होता. नऊपासून बारापर्यंत. कोणालाही हात लावू दिला नाही म्हणे.

हे वाचून मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि समुद्रावर जाऊन आलो.

कमिटीत पुन्हा बैठक झाली. अविनेशने नकाशा काढून सांगितलं की उंदीरटेकडीवरून बेटावरची सगळी गावं येतात, तुमच्या नादाकूसकट. फक्त पश्चिमेच्या टोकावरची दोन घरं सावलीत जातात, मध्ये तो वटवाघळांचा सुळका येतो म्हणून. एक घर रिकामं आहे. दुसरं माझं.

खोलीत कोणी हसेना, म्हणून मीच हसलो. मग सगळे जे सुटले ते सुटलेच. लितिया घरी म्हणाली, "तीस वर्षं बेटभरचे रेडिओ दुरुस्त केलेस, आणि आता रेडिओ आला तर घरात बंदी! माझ्यावर एवढा राग होता तर तोंडाने सांगायचं." मी म्हटलं, चर्चच्या पायऱ्यांवर बसून ऐकत जा, हवा चांगली असते. त्या दिवशी मला जेवायला कालचा थंडगार तावियोकाचा कंद मिळाला.

त्यानंतर अविनेश माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, "काका, तुमची सातही कारणं खरी आहेत, मी तपासली. पण माणूस सात कारणांसाठी स्वतःच्या घरचा रेडिओ घालवत नाही. आठवं कारण सांगा." पोरगा हुशार आहे. मी त्याला सांगितलं. तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतास. पण आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. तू माझी चेष्टा केलीस, मी तुझी केली, आणि चार वर्षं ती गोष्ट मध्ये तशीच पडून राहिली. म्हणून आज लिहून टाकतो.

आई गुरुवारी पहाटे गेली. समुद्र उसळलेला, बोट निघणं शक्य नव्हतं. खिंडीतून तुमच्याकडे चालत माणूस पाठवायचा तर अर्धा दिवस. पाठवायला चार माणसं होती. पण मी नर्सच्या फोनवरून सुव्याच्या रेडिओला निधनाची बातमी दिली, आणि छाती पुढे काढून सगळ्यांना सांगितलं की आता कोणाकडे धावायला नको, संध्याकाळपर्यंत सगळ्या फिजीला कळेल. आणि कळलंही. लाउ बेटांपर्यंत कळलं, ऑकलंडहून भाच्याचा फोन आला. फक्त डोंगरापलीकडे नादाकूला कळलं नाही, कारण तिथे तो रेडिओ लागतच नाही. हे सगळ्या बेटावर कोणाला ठाऊक असेल तर मला. तुमचा सेट मीच तीनदा उघडून पाहिला होता आणि सांगितलं होतं की सेट ठीक आहे, डोंगर आडवा आहे. त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलंच नाही. रेडिओवर आपल्या घराचं नाव येणार, एवढंच डोक्यात होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

शनिवारी आम्ही आईला पुरलं. वाट पाहू म्हणणारे होते, त्यांना मी म्हटलं, बातमी ऐकूनही उनाईसी आली नाही, म्हणजे समुद्र फारच खवळलाय. सोमवारी तुमची होडी आली. उनाईसी हसत उतरली. हातात नारळीच्या पानांची पिशवी, आणि तिच्यात आईसाठी जिवंत खेकडे. धक्क्यावर कोणीतरी तिला सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली, पिशवीचं तोंड उघडंच राहिलं, आणि खेकडे एकेक करून बाहेर निघून समुद्रात गेले. कोणी धरले नाहीत.

ती बारा वर्षांची झाली तेव्हापासून रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांशी थेट बोललेलो नाही. आपलं मेहुण्यामेहुण्यांचं बरं आहे, काय वाटेल ते बोलायला मोकळे. भावाबहिणींच्या तोंडाला कुलूप. त्यामुळे ती माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. फक्त दर महिन्याला बोटीने माझ्या नावाची खेकड्यांची पिशवी यायची, ती बंद झाली. सत्तावीस वर्षं येत होती. बोटवाला अजूनही मंगळवारी माझ्याकडे पाहून मान हलवतो, की आज काही नाही.

हे माझं आठवं कारण. त्या गावाला पुन्हा कधी कोणाच्या मरणाची बातमी उशिरा कळू नये. आणि खरं लिहायचं तर, त्या एका घराला.

रातू नेमानी भेटायला तयार आहेत हे वाचून धीर आला. शनिवारी मी आणि अविनेश खिंडीतून चालत येतो. बोटीने नाही, चालत. रातूंपुढे ठेवायला यंगोनाची मुळी चांगली जाड घेतली आहे. सेवुसेवूच्या वेळी, मुळी पुढे ठेवून परवानगी मागताना, तू माझ्या शेजारी बस. माझं बोलणं अडलं तर पुढे तू बोल. त्यांनी नाही म्हटलं तर खांब उलुलेवूवर जाईल, कमिटीने तसं लेखी ठरवलंय. अविनेश ऑगस्टअखेर परत जाणार, दुसरी संधी नाही.

एक सांगायचं राहिलं. रोज दुपारी मी निरोप वाचणार आहे, बेटभरच्या लोकांनी लिहून पाठवलेले. कमिटीने नियम केलाय, खरं तर मीच करायला लावला, की निरोप जसा लिहिलाय तसाच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. बातमी मध्येच माणसाच्या शहाणपणाने बिघडते, हे मी शिकलोय.

वाटेवर पाय ठेवायला घाबरलेला,
तुझा कितिओने


नामाता
सोमवार, ८ ऑगस्ट २०११

अरे झोपाळू मेहुण्या,

तू सेवुसेवूला माझ्या शेजारी बसला होतास, हे सगळं गाव सांगेल. पण यंगोनाच्या तिसऱ्या वाटीनंतर तू भिंतीला टेकून घोरत होतास, हे मी सांगतो. "अडलं तर पुढे तू बोल" म्हटलं होतं, आणि माझं अडलं तेव्हा तू नाकाने बोलत होतास. म्हणून तुझ्याच घरातली हकिकत तुला लिहून कळवावी लागतेय.

रातू नेमानींनी मुळी स्वीकारली, रीतीच्या टाळ्या वाजवून झाल्या, वाटी फिरली. मग त्यांनी विचारलं, "एवढे डोंगर असताना आमच्या उंदरांच्या मागे का लागलास?" मी ऊन, वीज, बॅटऱ्या, वाट, खडक, सगळं पाठ म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "हे त्या इंजिनिअरने सांगितलं असतं तरी चाललं असतं. तू चालत का आलास?"

तेव्हा माझं अडलं. तुझ्याकडे पाहिलं, तर तुझं ते तसं. मग मीच सांगितलं, सगळं, नर्सच्या फोनपासून खेकड्यांपर्यंत. पडद्यामागे स्वयंपाकघरात नारळ खवत होते, तो आवाज थांबला. मी बोलत होतो तोवर थांबलेलाच होता. शेवटी मी म्हटलं, "चूक माझी होती, डोंगराची नाही." मग पलीकडे खवणीचा आवाज पुन्हा सुरू झाला. रातू नेमानींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "टेकडी उंदरांची आहे, आम्ही फक्त राखणदार. उंदरांना गाणी आवडतात का ते खांब लावल्यावर कळेल. लावा." आणि त्याच क्षणी तू दचकून उठलास आणि जोरात "हो, हो, अगदी बरोबर!" म्हणालास. बस, तेवढीच तुझी मदत.

जेवायला खेकडे नव्हते, हे मी पाहिलं. मासे होते, नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांची पालुसामी होती, सगळं मनापासून वाढलेलं. मी काही अपेक्षा ठेवली नव्हती. असं मी परतताना अविनेशला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, मग वाटेत तीनदा ‘खेकडे नव्हते’ असं का म्हणालात?"

खांब कसा चढला, अध्यक्ष टेकडीवर अर्ध्यात कसे बसले आणि तिथूनच कशा सूचना देत राहिले, हे भेटीत सांगेन. शनिवारी दुपारी बारा वाजता आपला रेडिओ सुरू झाला. पाद्रीबुवांची प्रार्थना, शाळेची गाणी, मग निरोप. खोलीत मी, अविनेश आणि एक पंखा. लितिया आणि निम्मं नामाता चर्चच्या पायऱ्यांवर रेडिओ घेऊन बसलेलं. मंगळवारच्या बोटीने बेटभरून पाकिटं आली होती, ती मी मुद्दामच आधी उघडली नव्हती. पहिल्याच दिवशी जसंच्या तसं वाचायचं, म्हणजे नियमाची परीक्षा.

पहिले निरोप हरवलेल्या बकरीचे, उसन्या घेतलेल्या जाळ्याचे. एका म्हातारीने जावयाला सांगितलं होतं की तिचं भांडं परत कर, नाहीतर पुढच्या शनिवारी कोणतं भांडं तेही रेडिओवर सांगीन. मी वाचत गेलो. पायऱ्यांवरचं हसणं खिडकीतून ऐकू येत होतं.

सातवं पाकीट उघडलं. अक्षर मी सत्तावीस वर्षं पिशव्यांच्या चिठ्ठीवर पाहिलंय. चिठ्ठीवर फक्त नाव असायचं, माझं. या वेळी कागद भरलेला होता.

मी थांबलो. अविनेशने खुणेने विचारलं, काय झालं? मी कागद त्याला दाखवला. तो वाचू लागला, मग त्याने चष्मा काढला आणि माझ्या समोरचा माईक माझ्याकडे अजून थोडा सरकवला. नियम म्हणजे नियम. मी वाचलं:

"नादाकूहून उनाईसीचा निरोप, नामाताच्या कितिओनेसाठी. चार वर्षं मी वाट पाहिली की कोणीतरी डोंगर चढून येईल आणि सांगेल. आलात, सांगितलंत. मी पडद्यामागे होते, सगळं ऐकलं. खेकडे त्या दिवशी मुद्दामच केले नाहीत, कारण घाईत केलेले खेकडे आईला आवडत नसत. आता धरून ठेवले आहेत, मोठे आहेत. बोटीने पाठवणार नाही. रविवारी प्रार्थनेनंतर येऊन खायचे. लितियालाही आणा, तुमच्या घरी रेडिओ लागत नाही असं कळलं, आमच्याकडे आता स्वच्छ लागतो. आणि वाचताना जरा हळू वाचा, तुम्ही लहानपणापासून घाई करता."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईत वाचलं होतं म्हणून.

पुढचा निरोप वाचता येईना. अविनेशने गाणं लावलं. बाहेर पायऱ्यांवरून लितियाचा आवाज आला, "रडतोय! मी सांगते तुम्हाला, आत रडतोय!" आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. संध्याकाळी पाद्रीबुवांकडे दोन वडीलधारे विचारायला गेले, की बहीण भावाशी असं बोलली, यात रीत मोडली का? पाद्रीबुवांच्या आधी लितियानेच उत्तर दिलं, "ती त्याच्याशी कुठे बोलली? ती रेडिओशी बोलली. तो बिचारा फक्त वाचत होता." ते पटलं सगळ्यांना.

काल आम्ही येऊन गेलो, ते तुला ठाऊकच आहे. सगळ्यात मोठ्या खेकड्याची नांगी तू माझ्या ताटातून उचललीस, तेही मी विसरणार नाही. तिने पडद्याआडून वाटी पुढे सरकवली आणि तुझ्याकरवी विचारलं, "अजून हवं का म्हणावं?" मी तुझ्याकरवी सांगितलं, "हवं म्हणावं." चार वर्षांत एवढं गोड बोलणं मी ऐकलं नव्हतं. तुला वाटलं, मध्ये बोलून तू मोठं काम केलंस.

आता तिला एवढं सांग, की रोज दुपारी साडेबाराला दार उघडं ठेव. टेकडी दिसते का बघू नकोस, दिसते हे तू आरशाने सिद्ध केलंस. मी हळू वाचीन. निरोप नसेल त्या दिवशी नुसतंच नाव घेईन गावाचं.

माझ्या घरी अजूनही काही ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू येतंय.

तुझा मेहुणा,
आणि आता हे लिहायला लाज वाटत नाही, तिचा भाऊ,
कितिओने